सीलबंद बारा बाटल्या

मध नर की मादी, यावरून लोणखेड्याच्या हेमकांत पाटलाच्या घरात सलग तिसऱ्या दिवशी भांडण पेटलं होतं. हेमकांत म्हणत होता मादी, त्याची बायको कामिनी म्हणत होती नर, आणि ओसरीवर शंभर काचेच्या बाटल्या रिकाम्या पोटी उभ्या होत्या. लेबल छापल्याशिवाय त्या पुढं सरकणार नव्हत्या.

"ला मिएल!" हेमकांतनं बायकोच्या नाकासमोर मोबाईल नाचवला. "आठे सरळ लिखेल शे, वाच. स्पॅनिशमा मध मादी शे."

"तुमना मोबाईलमा ऱ्हाई," कामिनी म्हणाली. "फ्रेंचमा ल मिएल. नर. माले बारावीले ब्याण्णव मार्क व्हतात."

"मार्क व्हतात ना? मंग एक वाक्य बोली दाखाड."

कामिनी रिकाम्या बाटल्या पुसू लागली. सुरतेला माहेरी असताना तिनं अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं, ते मार्क बरे पडतात म्हणून. ती भाषा तोंडानं बोलायचीही असते, हे कॉलेजात तिला कोणी सांगितलं नव्हतं. हेमकांतची विद्वत्ता मोबाईलवरची. केळी पिकवणारं अर्धं जग स्पॅनिश बोलतं, असं एका व्यापाऱ्यानं त्याला चहा पिता पिता सांगितलं आणि पठ्ठ्या दुसऱ्या दिवसापासून शिकायलाच बसला. सहाशे बारा दिवस एकही खाडा नाही. आजमितीला तो "माझ्या मामाचा घोडा दूध पितो" हे वाक्य कुठल्याही काळात म्हणू शकत होता. मामाकडे घोडा नव्हता, ते सोडा.

हा सगळा उपद्व्याप माइते नावाच्या बाईमुळं. मागच्या वर्षी काठी गावची होळी बघायला आलेल्या कुणा पाहुण्यानं मोलगीच्या बाजारातून जंगली मधाची बाटली नेली होती. ती फिरत फिरत युरोपात या बाईच्या दुकानात पोचली. बाटलीवर हेमकांतचा फोन नंबर होता, कारण मोलगीजवळच्या पाड्यावरच्या दिवलीबाईच्या गटाचा मध बाजारात विकून द्यायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. बाईचा इंग्रजीत मेल आला: मी स्वतः येते, मध काढणाऱ्या बायकांना भेटते, शंभर बाटल्या नमुन्याला नेते, पसंत पडला तर दरवर्षी घेईन. बाईचं आडनाव स्पॅनिश वाटत होतं आणि पत्ता फ्रान्सचा होता. आता करा काय करायचं ते.

"काय नर-मादी लायेल शे सकायपाईन?" खाटेवरून हेमकांतचे वडील दगाजी पाटील खेकसले. गडी सत्तरीचा, पण आवाज ऊस तोडणाऱ्या टोळीला शेताच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा.

"आबा, फ्रेंच लोक मधले नर मानतस, स्पॅनिश लोक मादी."

दगाजींनी यावर पूर्ण विचार केला. "पपईमा नर झाड निंघनं का आपन काय करतस?"

"उपाडी फेकतस."

"काबरं?"

"त्याले फळ लागस नही."

"मंग हाऊ नर कसाले ठेवतस? उपाडी फेका!" एवढं बोलून त्यांनी भाषाशास्त्राचा विषय संपवला आणि मुद्द्यावर आले. "आन् हेमा, ध्यानमा ठेव. या बारले जमनं तर जमनं. नही तं सोमवारनी गाडी. सुरतनं तिकीट काढी ठेयेल शे."

आबांचंही चूक नव्हतं म्हणा. पोरानं आधी शहाद्याच्या उन्हात स्ट्रॉबेरी लावली होती, ती रोप असतानाच वाळली. मग कोरफड लावली, ती जोमदार आली आणि कोणी विकत घेतली नाही. मग लाव्हे पक्षी पाळले, ते एका दुपारी पिंजऱ्याचं दार उघडं पाहून सामूहिकरीत्या निघून गेले. आता मधही गेला तर हेमकांतनं सुरतेला जगदीशच्या दुकानात बसून साड्यांच्या घड्या घालायच्या, असा हुकूम होता. जगदीश म्हणजे कामिनीचा भाऊ, हेमकांतपेक्षा सहा वर्षांनी लहान. गेल्या दिवाळीत भर पंगतीत तो म्हणाला होता, "जिजाजी, घड्या घालायला काही डोकं लागत नाही, तुम्हाला नक्की जमेल." तेव्हापासून साडीचं दुकान दिसलं की हेमकांत रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचा.

शेवटी तोडगा आबांनीच काढला. पन्नास बाटल्यांवर सुनेचा नर, पन्नासांवर पोराची मादी. लेबलं छापून आली, चिकटवली गेली. दिवलीबाईच्या गटानं कॅनमधून धाडलेला मध गाळून बाटल्यांत भरायला सुरुवात झाली. आणि अठ्ठ्याऐंशीवी बाटली भरली तेव्हा कॅन संपला.

शंभराचा शब्द हेमकांतनं दिला होता, मधमाश्यांनी दिलेला नव्हता. आणखी मध आता पुढल्या हंगामाशिवाय नाही. बाई येणार परवा. बारा रिकाम्या बाटल्या, बाराही 'ला मिएल'वाल्या, हेमकांतकडे टकामका बघत होत्या. त्यानं सवयीनं मोबाईल उघडला, मिएल शब्द पुन्हा एकदा बघितला, आणि त्याखाली बारीक अक्षरात जे लिहिलं होतं ते वाचून त्याचे डोळे चमकले. स्पॅनिशमध्ये उसाच्या काकवीलाही मिएलच म्हणतात. मिएल दे कान्या, म्हणजे उसाचा मध!

आणि काकवीला काय तोटा? मागच्या अंगणात आबांचं गुऱ्हाळ. कामिनी शहाद्याला गेलेली बघून हेमकांतनं बारा बाटल्या काकवीनं भरल्या. सातपुड्यातला मध काळसर, काकवीही काळसर, काचेतून बघणाऱ्याला फरक कळायची सोय नाही. त्या बारा बाटल्या त्यानं वेगळ्या खोक्यात ठेवल्या, खोक्याच्या कोपऱ्यावर पेनानं टिंब काढलं, आणि हे खोकं सगळ्यांत खाली राहील, नुसतं संख्येपुरतं, असं स्वतःला बजावलं. मग शंभरही झाकणांवर प्लॅस्टिकचं वेष्टन चढवून ते बायकोच्या केस वाळवायच्या मशीननं गरम करून घट्ट बसवलं. शंभराव्या बाटलीला मशीननं एक निळा धूर सोडला आणि जीव सोडला.

शुक्रवारी दुपारी दिवलीबाईचा भाचा पवन आपली जीप घेऊन आला. खोकी चढली, नवरा-बायको बसली, जीप तळोदा-अक्कलकुवा करत घाटाला लागली. पवन गाडी चांगली चालवायचा, पण वळणावर हात सोडून देवाला नमस्कार करायची त्याला सवय होती, आणि त्या घाटात वळणं नि देव दोन्ही पुष्कळ. चौथ्या देवाला मागं धाडधाड आवाज झाला. खोकी उलटली होती, पुठ्ठा फाटला होता आणि बाटल्या जीपभर लोळत होत्या. फुटली एकही नाही.

"देवानं राखलं," पवन म्हणाला आणि भराभर बाटल्या मिळेल त्या खोक्यात कोंबू लागला.

हेमकांत मात्र टिंबाचं खोकं छातीशी धरून सुन्न बसला होता. खोकं रिकामं होतं.

"काय व्हयनं?" कामिनीनं विचारलं. "एक बी फुटनी नही, मंग तोंड काबरं असं करेल शे?"

हेमकांतनं पवनकडे पाठ करून, हळू आवाजात, सगळं सांगून टाकलं. कामिनी ऐकत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले.

"बारा बाटल्यास्मा काकवी?"

"स्पॅनिशमा तिले मिएलच म्हनतस! मन्ही लबाडी नही काही त्यामा. शब्दच तसा शे."

"फ्रेंचमा नही म्हनतस! फ्रेंचमा मिएल म्हनजे माशीना मध, फक्त माशीना! बाईनं दुकान फ्रान्समा शे!"

म्हणजे हेमकांत पाटील स्पॅनिशमध्ये प्रामाणिक होता आणि फ्रेंचमध्ये चोर. मराठीत काय होता, ते कामिनीनं पुढचे चार किलोमीटर सविस्तर सांगितलं. अहिराणीत सांगितलं ते इथं छापता येणार नाही.

"आते एकेक उघाडी देखतस," हेमकांत म्हणाला.

"उघाडा ना. आन् परत सील कसावरी करशात? मन्हं मशीन तर तुम्ही जाळी टाकं."

ते बरोबर होतं. सील तुटलेली बाटली परदेशी बाई हातात तरी घेईल का? झाकली मूठ सव्वा लाखाची. नरवाल्या पन्नास बिनधोक; मादीवाल्या पन्नासांतल्या बारा, नेमकी तीच बाटली बाई कशाला उघडेल, असा हेमकांतनं हिशेब मांडला. तुमचं नशीब बघता पहिलीच उघडेल, असं कामिनी म्हणाली.

संध्याकाळी खोकी दिवलीबाईच्या घरात उतरवली. दिवलीबाई साठीची, काटक, कमी बोलणारी. मधाचं पोळं कुठल्या कड्यावर आहे हे तिला घरात बसून वाऱ्यावरून कळतं, असं पाड्यावर म्हणत. गटातल्या बायकांना आजवर मोलगीचा व्यापारी म्हणेल त्या भावानं मध द्यावा लागे. या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या दारात येऊन मध मागणार होतं, म्हणून अंगण सारवलेलं होतं. तिनं बाटल्यांकडे बघितलं, सीलवरून बोट फिरवलं आणि आपल्या पावरी बोलीत काहीतरी विचारलं. मराठी ती कामापुरतीच बोलायची.

"मावशी विचारते, भरताना देवाला दिला का?" पवननं मराठी केली.

"हो हो, समदं व्यवस्थित केलंय," हेमकांत म्हणाला. त्याचं लक्ष सीलवर होतं; वजनाबद्दल काहीतरी विचारलं असावं, असं त्याला वाटलं. दिवलीबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. मग नवरा-बायको पवनच्या घरी मोलगीत मुक्कामाला गेली.

सकाळी आठला दोघं पवनबरोबर परत आली तर दिवलीबाई अंगणात बसलेली. तिच्या उजव्या हाताला बाटल्यांची लांबलचक रांग, झाकणं लावलेली, पण सीलचं प्लॅस्टिक सोलून काढलेलं. बाजूला त्या प्लॅस्टिकचा ढीग, आणि एक कोंबडी तो उकरत होती.

"मावशी!" हेमकांत किंचाळला. "हे काय केलं?"

"उघडल्या," दिवलीबाई शांतपणे म्हणाली.

"किती?"

"मधाच्या सगळ्या."

हेमकांत खाली बसून सोललेलं प्लॅस्टिक एका झाकणावर परत बसवून बघू लागला. पवननं मावशीला विचारून घेतलं आणि तो घाईघाईनं सांगू लागला. नवा मध घराबाहेर जायच्या आधी त्यातला थेंब डोंगराला आणि देवाला द्यायचा असतो. लोणखेड्यात भरताना तो दिला नव्हता, हे मावशीनं काल तुमच्या तोंडावरून ओळखलं. मग पहाटे उठून तिनं एकेक बाटली उघडली, बोटावर थेंब घेतला, जमिनीवर सोडला आणि झाकण परत लावलं. रीत आहे ती. न देता विकला तर पुढल्या वर्षी पोळं हाताला लागत नाही.

"अरे पण सील!" हेमकांत रडायच्या बेतात होता. "सील तुटलं तर बाई घेणार नाही! आते सोमवारनी गाडी पक्की!"

तेवढ्यात खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. नंदुरबारहून भाड्याची गाडी करून माइतेबाई वेळेवर पोचल्या होत्या. परदेशी लोकांचं हे एक वाईट असतं.

हेमकांत उभा राहिला. त्याची नजर भिरभिरली आणि दाराशी वेगळ्या ठेवलेल्या काही बाटल्यांवर थांबली. त्यांचं सील जसंच्या तसं होतं, चकचकीत, घट्ट. बुडत्याला काडी दिसावी तसा तो धावला. सीलबंद बाटल्या उचलून त्यानं अंगणातल्या खाटेवर स्वच्छ टॉवेल पसरून त्यावर मांडल्या. मग पवनला हाताशी धरून उघडलेल्या बाटल्यांची सगळी रांग ओढत नेली आणि धान्याच्या कणगीमागं घोंगडीखाली दडपली.

"भाऊ, त्या खाटेवरच्या..." दिवलीबाई म्हणू लागली.

"आता नको, मावशी. नंतर."

"पण त्या..."

"नंतर, मावशी, पाया पडतो!"

कामिनी खाटेजवळ उभी होती. तिनं सहज बाटल्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग लेबलं बघितली.

"अहो," ती म्हणाली. "बारा शेतस."

"काय बारा?" हेमकांत केस नीट करत होता.

"बाटल्या. आन् बाराच्या बारावर तुमनी मादी शे."

हेमकांतला अर्थ लागायला जितका वेळ लागला, तितक्या वेळात माइतेबाई अंगणात येऊन पोचल्या. उंच, पन्नाशीच्या, पायात धुळीनं माखलेले बूट. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. हेमकांतनं तोंड उघडलं आणि सहाशे सतरा दिवसांच्या अभ्यासातून एकच वाक्य बाहेर आलं. माझ्या मामाचा घोडा दूध पितो. बाईंनी घोडा कुठं दिसतो का ते बघितलं, हसल्या, खाटेवर बसल्या आणि जवळची बाटली उचलली.

"उघडू?" त्यांनी खुणेनं विचारलं.

नाही म्हणायला कुठल्याही भाषेत कारण नव्हतं. सील सुटलं. झाकण फिरलं. बाईंनी करंगळी बुडवून जिभेला लावली. कोंबडीनंही उकरणं थांबवलं. बाईंच्या कपाळावर एक आठी आली, त्यांनी परत चाखलं, आणि सावकाश म्हणाल्या, "स ने पा द्यू मिएल."

हा मध नाही. बारावीनंतर इतक्या वर्षांनी कामिनीला जिवंत माणसाच्या तोंडचं अख्खं फ्रेंच वाक्य समजलं होतं, आणि समजलं तेही हेच. क्षणभर तिला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

"मिएल दे कान्या!" हेमकांत ओरडला. "दे कान्या! स्पॅनिशमध्ये चालतं! ऊस! ऊस!" आणि त्यानं हातानं ऊस मोडून चरकात घातल्याचा अभिनय करून दाखवला.

बाईंनी मान हलवली. त्या कामिनीकडे वळून हळूहळू, शाळेतल्या बाईंसारखं एकेक शब्द सोडत फ्रेंचमध्ये बोलल्या. कामिनीनं कपाळाला आठ्या घालून ऐकलं आणि नवऱ्याला सांगितलं, "म्हनी ऱ्हायनात, स्पॅनिशमा चालस, त्यास्ले मालूम शे. पन त्यास्ना दुकानमा ही बाटली मध म्हनीसन ठेवी तर दुकानले टाळं लागी. त्या मधसाठे उनथ्यात."

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं, ती खाटेवर ठेवली आणि आपली पिशवी उचलली. हेमकांतच्या डोळ्यांसमोर सुरत स्टेशन उभं राहिलं. आणि दारात गटातल्या दहा बायका, नव्या लुगड्यांत, काय चाललंय ते न कळून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून मात्र त्याला सुरत विसरून खरीखुरी शरम वाटली.

दिवलीबाई उठली. कोणाला काही न विचारता ती कणगीमागं गेली, घोंगडी बाजूला फेकली आणि एक बाटली घेऊन आली. हेमकांतनं डोळे मिटून घेतले. दिवलीबाईनं ती उघडलेली आणि खाटेवरची एक सीलबंद अशा दोन बाटल्या बाईंच्या समोर धरल्या आणि दोन्ही एकदम उलट्या केल्या. सीलबंद बाटलीतला बुडबुडा सटकन वर पळाला. दुसरीतला रमतगमत चढला, जसं काही त्याला बाजाराला जायची घाई नव्हती.

"हा मध," दिवलीबाई म्हणाली. "हा नाय. हा देवाला नाय दिला. देवाला खोटा कसा देऊ?"

तेव्हा हेमकांतचं डोकं चाललं. मावशीनं पहाटे कंदिलाच्या उजेडात बाटली उलटी करून करून बारा काकव्या ओळखल्या होत्या आणि न उघडता दाराशी वेगळ्या काढल्या होत्या. तेच तर ती सकाळपासून सांगत होती. ज्या बाटल्यांचं सील तुटलं, त्या अस्सल. ज्यांचं सील शाबूत, त्या त्याच्या.

बाईंना हे सगळं हवं होतं, एकूण एक. सील का तोडलं? थेंब कुणाला? दिवलीबाई पावरीत सांगे, पवन मराठी करी, कामिनी हातवारे आणि ब्याण्णव मार्कांच्या जोरावर फ्रेंच करी, आणि मध्येच हेमकांत स्पॅनिशमधून एखादी भाजी किंवा जनावर टाकी. कामिनीनं तासाभरात बारा वर्षांचं साठलेलं फ्रेंच बोलून घेतलं. सांगून झाल्यावर माइतेबाईंनी बाटली मांडीवर घेतली. मग म्हणाल्या की त्यांच्या आजीकडे मधमाश्या होत्या. घरात कोणी वारलं की आजी आधी पोळ्यांपाशी जाऊन माश्यांना सांगायची, मग शेजाऱ्यांना. न सांगितलं तर माश्या रुसतात.

पवननं ते पावरीत सांगितलं. दिवलीबाईनं मान डोलावली. "बरोबर केलं तिनं," ती म्हणाली, जणू ती म्हातारी पलीकडच्याच पाड्यावरची.

मग बाईंनी एकेक बाटली स्वतः उलटी केली. अठ्ठ्याऐंशींपैकी एकीचाही बुडबुडा पळाला नाही. सील काय, म्हणाल्या, कुणीही लावतं. एक 'ल'वाली आणि एक 'ला'वाली बाटली शेजारी शेजारी धरून त्यांनी विचारलं, हे असं का? कामिनी आणि हेमकांत एकदमच बोलू लागली. बाई खो खो हसल्या. त्यांच्या घरी ना फ्रेंच बोलत, ना स्पॅनिश. सरहद्दीवरच्या डोंगरातली त्यांची भाषा तिसरीच, बास्क. तिच्यात मधाला एस्ती म्हणतात, आणि त्या भाषेत कुठल्याच वस्तूला नर-मादी नाही. फ्रेंच नि स्पॅनिश या शाळेच्या आणि कचेरीच्या भाषा.

"आमच्या मराठीसारखं," पवन म्हणाला.

"मधात नर-मादी?" दिवलीबाईनं हा भाग पवनकडून दोनदा समजून घेतला. "माश्यांना विचारलं का यांनी?"

सौदा तिथंच ठरला. दरवर्षी मध घेणार. भरायचा इथंच, पाड्यावर, दिवलीबाईसमोर, थेंब देऊन झाल्यावर. लेबलावर गटाचं नाव आणि नुसतं मिएल, आधी 'ल' नको, 'ला' नको. पत्रव्यवहार कामिनीशी, फ्रेंचमध्ये. दारातल्या बायका एकमेकींना ढकलत हसू लागल्या. अठ्ठ्याऐंशी बाटल्या गाडीत चढल्या. हेमकांतनं मनात चाचपून बघितलं: भरणं मोलगीला गेलं, लेबल गेलं, पत्रं बायकोकडे गेली. धंदा उत्तम चालणार होता आणि त्यात त्याच्यासाठी स्टूलसुद्धा उरलं नव्हतं.

गाडीत बसता बसता माइतेबाई थांबल्या, परत अंगणात आल्या आणि काकवीच्या बारा बाटल्यांकडे बोट दाखवून हेमकांतशी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलल्या. हेमकांतला त्यातला एकच शब्द कळला. भाज्यांच्या धड्यातला होता.

"वांगं?" तो म्हणाला.

रविवारी संध्याकाळी लोणखेड्याला आबा खाटेवर बसले होते आणि सुरतेचं तिकीट त्यांच्या खिशातून डोकावत होतं.

"मध गया ना?" त्यांनी विचारलं.

"गया. समदा. दरसाल जाई. गट आन् कामिनी देखतीन."

"आन् तू?"

हेमकांतनं आत हाक मारली. कामिनी आतून ताटली घेऊन आली. पातळ चकत्या करून, पिठात घोळवून तळलेली वांगी, आणि वरून काळी काकवी ओघळत होती.

"हाई काय शे?" आबा खाटेवरच मागं सरकले. "वांगावर काकवी? भरीतना देशमा? आखो येडा व्हयना का?"

"माइतेबाईनी मावशी स्पेनमा शे, आबा," हेमकांत म्हणाला. "कामिनीनी फ्रेंचमा समदं इचारी लिधं. तिकडे असंच खातस. मावशीले तिना दुकानसाठे तीनशे बाटल्या पायजे. आपला गुऱ्हाळन्या."

"काकवीन्या?"

"काकवीन्या. काकवी म्हनीसनच. उसाना मध, असं साफ लिखीसन."

आबांनी संशयानं एक चकती उचलली, सगळ्या बाजूंनी बघितली आणि तोंडात टाकली. चावली. दुसरी उचलली. तिसरी आणि चौथीही संपवली. मग बोटं चाटत म्हणाले, "लेबलवर काय लिखानं? तो नर का मादी?"

हेमकांतनं भीतभीत बायकोकडे पाहिलं. ब्याण्णव मार्कांनी या वेळी मान डोलावली.

"ला मिएल दे कान्या," तो म्हणाला. "मादी, आबा."

"मादी शे ना? मंग ऱ्हाऊ दे." आबांनी खिशातलं तिकीट काढून त्याच्या हातात दिलं आणि पाचवी चकती उचलली. "हाई उपाडी फेक."